सत्तावीस वेळा बराबर

मी जे लिहिणार आहे ते मान्य करायला मला स्वतःला एक वर्ष लागले, तेव्हा तुम्ही ते लगेच मान्य करावे असा माझा आग्रह नाही. आमच्या घरी अमावास्या फक्त कॅलेंडरवर असते. शाळेच्या वाटेवर कुणी उतरवून टाकलेले लिंबू दिसले की ते ओलांडायची पैज मी दरवेळी जिंकलेली आहे. आणि खरे सांगायचे तर, वाचकांचे गूढ अनुभव छापणाऱ्या अशा सदरांतले किस्से मी आजवर वाचले ते चुका काढण्यासाठी... कुठे वेळ जुळत नाही, कुठे सांगणाऱ्याने अंतरच दिलेले नाही, कुठे एका माणसाने एकाच वेळी दोन ठिकाणी पाणी प्यायले आहे. म्हणून माझ्या बाबतीत जे घडले ते मी वेळ, अंतर आणि आकड्यांसह सांगते. चूक तुम्ही काढा. सापडली तर मला मनापासून आनंद होईल.

आधी थोडी पार्श्वभूमी द्यावी लागेल.

मी जालना शहरातल्या एका महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र आणि रसायनशास्त्र यांचा एकत्रित अभ्यासक्रम शिकते. बी.एस्सी. आणि एम.एस्सी. मिळून पाच वर्षे. त्यातच एक जलद गट असतो. तिसऱ्या वर्षी ज्यांचे गुण ठरावीक रेषेच्या वर आहेत आणि ज्यांनी स्वतःचा एक छोटा प्रकल्प पुरा करून विभागाच्या समितीपुढे मांडला आहे, त्यांना एम.एस्सी.चे काही विषय आधीच घेता येतात, आणि पाच वर्षांचा अभ्यास चार वर्षांत संपतो. रेषेच्या वर गुण माझे होते. प्रकल्प अजून व्हायचा होता.

मला ती चार वर्षेच का हवी होती, हेही सांगते. कुंभार पिंपळगावपासून तीन किलोमीटरवर आमचे शेत आहे. मोसंबीची बाग, दोन म्हशी, आणि आईच्या कंबरेचे जुने दुखणे. घरात एक मुलगी लागतेच. म्हणून आबांनी — माझ्या वडिलांनी — मी बारावी झाले त्या दिवशीच नियम घालून दिला होता :

"घरातून एका वेळी एकच पोरगी भाईर. चार वर्षं तुझी. त्याच्यापुढं शुभांगीची पाळी. पाचवं मागायचं न्हाई."

शुभांगी माझी धाकटी बहीण, माझ्याहून चार वर्षांनी लहान. मी पाचवे वर्ष घेतले तर ती बारावीनंतर एक वर्ष घरी बसणार, हा साधा हिशेब होता. तिने त्यावर रडारड केली नाही. एवढेच म्हणाली, "घे की पाच. मी एक वर्ष म्हशींची शाळा घेते. निदान त्या तुझ्यासारख्या उलट बोलत न्हाईत." ती हे हसून म्हणाली, म्हणूनच ते मला टोचले. जलद गटात जागा मिळवायचीच, हे मी त्या दिवशी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले.

प्रकल्प मी आमच्या बागेतूनच निवडला. बागेत विहिरीपासून माळापर्यंत नऊ झाडांची एक ओळ आहे. विहिरीजवळच्या पहिल्या झाडाला भरपूर पाणी मिळते. ठिबकची नळी माळाकडे जाईपर्यंत तिचा जोर कमी होतो, आणि नवव्या झाडाला सगळ्यांत कमी मिळते. पाणी जसे कमी होत जाते तसे फळातले क जीवनसत्त्व वाढते का, हा माझा प्रश्न. तो मोजण्याची पद्धत सोपी आहे. ब्युरेट म्हणजे खुणा केलेली उभी काचेची नळी. तिच्यात निळ्या रंगाचे द्रावण भरायचे. खाली चंचुपात्रात आम्ल घातलेला मोसंबीचा रस. निळे थेंब रसात पडले की रंगहीन होतात, कारण क जीवनसत्त्व त्यांना संपवते. ज्या थेंबाला फिकट गुलाबी छटा टिकून राहते तिथे थांबायचे आणि किती निळे द्रावण लागले ते वाचायचे. जास्त लागले म्हणजे जीवनसत्त्व जास्त. प्रत्येक झाडाची तीन वाचने. नऊ त्रिक सत्तावीस.

आता आमच्या प्रयोगशाळेतली एक रीत. आम्ही जोडीने काम करतो. एकाने ब्युरेट वाचून आकडा मोठ्याने सांगायचा, दुसऱ्याने स्वतः वाकून तो पाहायचा आणि "बराबर" म्हणायचे. मगच वहीत लिहायचे. ही रीत कोणत्याही पुस्तकात नाही. ती सांडूकाकांची आहे.

सांडूकाका म्हणजे आमचे प्रयोगशाळा परिचर. नोकरीला जवळजवळ तीस वर्षे. शिक्षण सातवी, पण त्यांनी धुतलेल्या काचेवर डाग दाखवणाऱ्याला त्यांच्याकडून चहा मिळतो, आणि तो चहा अजून कुणी प्यायलेला नाही. ज्याचा जोडीदार आला नसेल त्याच्या शेजारी ते स्वतः उभे राहतात. पहिल्या वर्षी एकदा मी घाईत होते आणि ते दूर बाटल्या पुसत होते. मी तिथूनच ओरडले, "काका, अकरा पूर्णांक दोन. म्हणा बराबर!"

ते हातातले फडके खांद्यावर टाकून हळूहळू चालत आले. "माय, मी पाह्यल्याबिगर बराबर म्हणत न्हाई. उद्या देव येऊन रीडिंग सांगाया लागला तरी म्हणीन, सरक बाजूला, पाहू दे." त्यांनी पाहिले. अकरा पूर्णांक तीन होते.

काकांचे ते वाक्य कृपया लक्षात ठेवा.

माझी जोडीदार पाच वर्षांच्या नेहमीच्या मार्गावर राहिली, त्यामुळे प्रकल्प मी एकटीच करत होते. समितीपुढे सोमवारी मांडणी होती. त्याआधीच्या शुक्रवारी मी फळे आणायला गावी गेले. वेळ वाचावा म्हणून आम्ही ओळीच्या दोन टोकांनी सुरुवात केली. मी माळाकडून नऊ, आठ, सात अशी तीन झाडे घेतली. आबांनी विहिरीकडून एक ते सहा. प्रत्येक झाडाची दहा फळे एका कागदी पिशवीत, पिशवीवर मार्करने झाडाचा क्रमांक. शेवटची पिशवी हातात देताना आबा म्हणाले, "मी आकडे मराठीत टाकलेत बरं का. वाचता येत्यात ना अजून? का साहेबीण झाली?"

"आबा, तुम्हीच तर पाटीवर शिकवलेत मला."

"मंग बराबर हाय. जा जल्दी, येष्टी जाईन."

रात्र वसतिगृहात काढली आणि शनिवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी मी महाविद्यालयात पोचले. शनिवारी सकाळीच सगळे संपते, पण विभागप्रमुख मॅडमनी मला दुपारी काम करायची परवानगी दिली होती आणि निरोपात लिहिले होते, "सांडू असतील." फाटकावरचे वॉचमन म्हणाले, "उघडंच हाय ताई, जा." मी वर गेले. प्रयोगशाळा पहिल्या मजल्यावर आहे. माझे टेबल खिडकीशी. तिथून टोकाच्या स्टोअर रूमचे दार अकरा पावलांवर. दार लाकडी, वर हवेसाठी जाळी. दार लोटलेले दिसले. काका आत बाटल्या लावत असणार असे मी धरून चालले... आणि धरून चालणे ही माझी पहिली चूक.

निळे द्रावण त्याच दिवशी तयार करून तपासून घेतले. ते फार टिकत नाही, ही गोष्ट पुढे महत्त्वाची आहे. मग पिशव्यांचा क्रम ओळीने न घेता डोळे मिटून हाताला येईल तसा घेतला, कारण क्रम माहीत असला की नजर आपल्याला हवे ते वाचते. पहिली पिशवी निघाली चारची. पहिले वाचन झाले तेव्हा बारा वाजून पंचावन्न मिनिटे झाली होती. सवयीने मी मोठ्याने म्हणाले :

"झाड चार, वाचन पहिले, अकरा पूर्णांक एक."

स्टोअर रूमच्या बाजूने आवाज आला, "बराबर."

सांडूकाकांचा आवाज. शब्दाआधी ते घसा साफ करतात, तेही ऐकू आले. मी लिहिले आणि पुढे गेले. दुसरे वाचन — बराबर. तिसरे — बराबर. मग सातची पिशवी, तीनही वेळा बराबर. मला बरे वाटले. एकटीने काम करताना कुणी सोबत आहे एवढे पुरते.

तिसऱ्यांदा हाताला आलेली पिशवी नऊची होती. "झाड नऊ, वाचन पहिले, नऊ पूर्णांक सहा."

उत्तर आले नाही.

काका चहाला गेले असतील असे मला वाटले. दुसरे वाचन सांगितले, नऊ पूर्णांक सात. शांत. तिसरे, पुन्हा नऊ पूर्णांक सहा. शांत. मी लिहून टाकले. मग सहाची पिशवी काढली. "झाड सहा, वाचन पहिले, बारा पूर्णांक चार."

"बराबर."

आले वाटते, असे म्हणून मी हसले सुद्धा. त्यानंतर दोन, आठ, तीन, पाच — एकही वाचन सुटले नाही. प्रत्येकाला बराबर. मधे एकदा मात्र माझा हात थांबला होता, आणि ते मी प्रामाणिकपणे नोंदवते. मला आठवले की काका पाहिल्याशिवाय बराबर म्हणत नाहीत, आणि आज ते एकदाही माझ्या टेबलाशी आलेले नाहीत. माझी ओढाताण पाहून त्यांनी नियम सैल केला असेल, अशी मी समजूत करून घेतली.

शेवटी एकच पिशवी आणि वहीत एकच रकाना उरला, पहिल्या झाडाचा. "झाड एक, वाचन पहिले, चौदा पूर्णांक दोन."

शांत.

"झाड एक, वाचन दुसरे, चौदा पूर्णांक दोन."

शांत. तिसरे मी जरा चिडूनच सांगितले, "काका, चौदा पूर्णांक तीन! ऐकताय ना?"

काही नाही. सव्वाचार झाले होते. मी हात धुतले आणि अकरा पावले चालून गेले. दार लोटलेले नव्हते. त्याला बाहेरून कुलूप होते.

मी खाली फाटकाशी गेले. वॉचमन शेंगा सोलत बसले होते.

"सांडूकाका कुठे गेले?"

"सांडूकाका? ते त अकरालाच गेले. धावड्याला. भाचीचं लगीन हाय न्हवं आज. लॅब उघडून चावी माझ्यापाशी देऊन गेल्ते."

"स्टोअरची चावी?"

"ती त्यांच्या करगोट्याला. ती ते जावयालाबी देणार न्हाईत." त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिले. "काय झालं? भ्या वाटून राह्यलं का एकटीला?"

"नाही. फक्त विचारले."

"वाटत असन त सांगा. मी गेट सोडून येणार न्हाई, पण खालून खाकरत राहीन."

मी वर आले. दाराशी थांबले, हे कबूल करते. आत जावे की पिशवी उचलून वसतिगृह गाठावे, असे दोन विचार आले. मग खुर्चीवर बसून मी तेच केले जे गणिताचे उत्तर चुकल्यावर आम्हाला शाळेत करायला लावत : काय दिले आहे ते लिहायचे. मी वही पुढे ओढली आणि ज्या वाचनांना उत्तर आले त्यांच्यापुढे पेन्सिलने टिंब केले. टिंबे झाली एकवीस. कोरी राहिली सहा. ती सहा कुठेही विखुरलेली नव्हती. तीन झाड नऊची, तीन झाड एकची.

ब्युरेट मी बरोबर वाचली होती, याची मला खात्री होती. म्हणजे चूक असलीच तर आकड्यात नव्हती, झाडात होती. मी रिकाम्या पिशव्या टेबलावर मांडल्या.

मराठी माध्यमात शिकलेल्यांना पुढचे सांगायची गरज नाही. आपला १ आणि इंग्रजी 9, घाईने लिहिले तर एकाच वळणाचे. आबांनी विहिरीजवळच्या झाडाच्या पिशवीवर १ लिहिला होता. माझ्या तीन वर्षांच्या इंग्रजी सवयीने तो नऊ वाचला. आणि शेवटी माझ्याच हातचा 9 उरला तेव्हा रकाना एकचा रिकामा होता, म्हणून मी तो आबांचा एक समजून बसले. बाकीच्यांत घोटाळा होत नाही, आबांचा ४ सुद्धा वर उघडा असतो, माझ्या 8 सारखा मिटलेला नाही. फक्त याच दोघांत होतो. जो आकडा पाटीवर गिरवून माझे शिक्षण सुरू झाले, तोच मला वाचता आला नव्हता. आबांचा टोमणा आठवून त्या भीतीतही मला लाज वाटली.

मी दोन्ही झाडांची वाचने कागदावर अदलाबदल करून पाहिली. विहिरीपासून माळापर्यंत आकडे जिना चढावा तसे चढत गेले. चुकीच्या तक्त्यात दोन्ही टोके उलटी पडली होती. तसा तो समितीपुढे ठेवला असता तर प्रकल्पाचा निष्कर्षच कोसळला असता, आणि त्याबरोबर जागा.

पण कागदावर अदलाबदल करणे म्हणजे पुरावा नव्हे. नंतर सोयीने आकडे हलवले असे कुणीही म्हणेल, आणि म्हणायलाच हवे. दोन्ही पिशव्यांतली पाच-पाच फळे शिल्लक होती. निळे द्रावण सोमवारपर्यंत टिकणार नव्हते आणि रविवारी प्रयोगशाळा बंद. म्हणजे सहा वाचने पुन्हा घ्यायची ती आत्ताच. जुन्या सहा ओळींवर मी एकेक सरळ रेघ मारली — खोडायचे नाही, खालचे वाचता आले पाहिजे — शेजारी वेळ आणि सही केली, आणि नव्या चिठ्ठ्यांवर अक्षरांत लिहिले : एक. नऊ.

एकच प्रश्न उरला होता. आकडा मोठ्याने सांगायचा की नाही? मनातल्या मनात वाचून लिहिणे सोपे होते. खरे तर मला तेच करायचे होते. पण एकवीस वाचने एका पद्धतीने आणि सहा दुसऱ्या पद्धतीने, हे मला कोणत्याही परीक्षकाला समजावता आले नसते. प्रयोगाच्या मधे पद्धत बदलायची नसते. मी खिडकी पूर्ण उघडली, रस पिळला, थेंब मोजले. पाच वाजायला दहा मिनिटे होती. बाहेर लख्ख ऊन होते.

"झाड एक," मी म्हणाले. "वाचन पहिले. नऊ पूर्णांक सहा."

घसा साफ केल्याचा आवाज आला. आणि मग —

"बराबर."

कुलपाच्या आतून.

मला पळावेसे वाटले. मग डोळ्यांपुढे म्हशींना शिकवणारी शुभांगी आली, आणि मी नऊ पूर्णांक सहा लिहिले. अक्षर वाकडे आहे. आजही वहीत पाहता येईल. दुसरे वाचन. बराबर. तिसरे. बराबर. झाड नऊ... चौदा पूर्णांक दोन. बराबर. सहाही वेळा आला तो शब्द, तितकाच सपाट, ना प्रेमाचा ना रागाचा, प्रयोगशाळेत कुणीही कुणालाही म्हणावा तसा. त्या सपाटपणानेच मला शेवटपर्यंत उभे ठेवले.

आधीचे एकवीस आणि हे सहा. सत्तावीस.

साडेपाचला मी काच धुतली, पुसली, जागेवर ठेवली. निघताना स्टोअर रूमच्या दाराकडे वळून म्हणाले, "येते काका." का म्हणाले, मला माहीत नाही. त्याला उत्तर आले नाही. बरोबरच आहे, ते काही वाचन नव्हते.

सोमवारी दहाला सांडूकाका आले ते लग्नातले बुंदीचे लाडू घेऊन. मी त्यांना सगळे सांगितले. आधी ते हसले.

"म्हंजी मी तिकडं धावड्यात लाडू खाऊन राह्यलो, अन् माझं भूत जालन्यात ड्युटी करून राह्यलं! ओव्हरटाइम मागावा लागन." मग माझा चेहरा पाहून त्यांनी फोन काढला आणि घरी लावला. स्पीकर सुरू केला. "अगं, शनिवारी मी काय बडबडत होतो म्हणती तू?"

पलीकडून काकूंचा आवाज आला. "आता कशाला ते? सगळ्या मांडवात हसं करून घेतलं. येष्टीत बसले न बसले, डोळा लागला, अन् बराबर, बराबर. फुडच्या शिटावरला माणूस मागं वळून म्हणला, बाबा, काय बराबर हाय ते त सांगा! मंग मांडवातबी खांबाला टेकून तेच. पोरी हसून हसून बेजार."

"काकू," मी विचारले, "मधे कधी थांबत होते का?"

"थांबायचे की. मधी एक-दोनदा नुसती मान हलवली. न्हाई न्हाई केल्यावानी. तोंडातून काय न्हाई."

काकांनी फोन बंद केला. ते हसत नव्हते. "झोपेत बोलायची सवय हाय मला. त्याचं काय न्हाई. पण न पाहता बराबर म्हणलो असन... हे काय मला पटून न्हाई राह्यलं." जणू तेवढीच एक गोष्ट विचित्र होती. मग वहीतली टिंबे पाहत त्यांनी विचारले, "ज्या सहाला मी गप राह्यलो, ते चुकलेलंच होतं?"

"हो काका. सहाही चुकलेले होते."

"अन् बाकी सगळे बराबर?"

"सगळे."

"मंग पाह्यलं असन," ते म्हणाले. "कुठून पाह्यलं ते मला इचारू नको."

वहीत प्रत्येक वाचनापुढे 'तपासणारा' असा एक रकाना असतो. माझे सगळे रकाने कोरे होते. काकांनी खिशातून पेन काढले, टोपण उघडले, आणि परत लावले. "न्हाई माय. सही पाहून करायची असती. झोपेतली सही चालत न्हाई."

साडेअकराला समिती बसली. मॅडमनी पाने उलटली आणि बोट नेमके त्याच रकान्यावर ठेवले. "हे कोणी तपासले?"

खोटे नाव सांगणे सोपे होते. खरे सांगणे अशक्य होते. "तपासले गेले आहेत, मॅडम," मी म्हणाले. "कोणी, ते मला सांगता येणार नाही. पण नवव्या झाडाची फळे शिल्लक आहेत. मी समितीसमोर पुन्हा करून दाखवते."

समितीतल्या एका सरांनी भुवया उंचावल्या. "नापास झालात तर?"

"तर पाचवे वर्ष, सर. पण ते माझ्या एकटीचे नाही, म्हणून मी नीट करीन."

नवे द्रावण बनवले, तपासले. समितीतले तिघेही टेबलाभोवती उभे राहिले. तीन दिवसांत जीवनसत्त्व थोडे उतरणार हे मी आधीच सांगून ठेवले. गुलाबी छटा आली आणि टिकली. मी म्हणाले, "झाड नऊ, तेरा पूर्णांक नऊ." सांडूकाका फडके खांद्यावर टाकून हळूहळू आले, वाकले, एक डोळा मिटून पाहिले, घसा साफ केला.

"बराबर."

या वेळी मला त्यांचे ओठ हलताना दिसले. आवाज तोच होता, शनिवारचा.

जागा मला मिळाली. माझे चौथे वर्ष आता संपत आले आहे, आणि जूनमध्ये शुभांगी जालन्याला येते आहे. म्हशींची शाळा उघडण्याआधीच बंद पडली, असे ती सांगत फिरते.

स्पष्टीकरण मी शोधले. सगळ्यांत बरे असे की माझ्याच डोळ्यांना पिशवीवरची चूक कळली होती आणि मनाने ती ओळखीच्या आवाजात मला सांगितली. हे मला पटते... काकूंच्या फोनपर्यंत. काकूंनी शब्द मोजले नव्हते, घड्याळ पाहिले नव्हते. तो योगायोग असू शकतो. मग मी योगायोग धरते, आणि मला त्या सपाट आवाजाआधी साफ केलेला घसा आठवतो. पुढे मला जाता येत नाही.

'तपासणारा' हा रकाना त्या पानावर अजून कोरा आहे. तिथे काय लिहायचे ते मला कळलेले नाही. शुभांगीला मात्र मी पहिल्याच दिवशी सांगणार आहे, की पिशवीवर क्रमांक अक्षरांत लिही. आणि आकडा सांगून झाल्यावर कुणी काहीच बोलले नाही, तर पेन खाली ठेव.